न विचारलेला कौल

टॉर्पेडो लागल्यानंतर काही वेळाने आगबोटीच्या पोटात जो दुसरा स्फोट झाला, तो कशाचा होता? नवघरच्या गोदूबाईंनी १९६९ साली हा प्रश्न मला विचारला, आणि मला उत्तर देता आले नाही. युद्धात बुडालेल्या प्रवासी जहाजांविषयी लिहिणारे अशा स्फोटाची बहुधा तीन कारणे मांडतात: बॉयलर फुटणे, रित्या होत आलेल्या कोठारात कोळशाची पूड पेटणे, किंवा मालखणात लपवून नेलेला दारूगोळा. अभ्यासकाला यांतून एक निवडण्याची घाई नसते. गोदूबाईंना होती, कारण तीनपैकी एक कारण त्यांच्या घरावर कायमचे चिकटले होते.

त्यांचे पती महिपत, शेजारचे पुंडलिक आणि धर्माजी हे रत्नागिरीकडच्या एकाच खाडीकाठचे. १९४२ साली तिघेही एका विलायती आगबोटीवर होते. महिपत आणि धर्माजी आगवाले, म्हणजे बॉयलरच्या भट्टीत कोळसा मारणारे. पुंडलिक कोठारातून तो ओढून आणणारे. टॉर्पेडो लागला तेव्हा पाळी संपवून धर्माजी डेकवर वारा खात होते. खालचे दोघे वर आले नाहीत.

धर्माजी परमुलखातल्या इस्पितळात असतानाच बातमी गावात पोचली. आत काहीतरी फुटले, म्हणून बोट एवढ्या लवकर गेली, इतकेच कळले होते. दोष कोणाचा हे ठरवण्यासाठी गावाने आपल्या रीतीने ग्रामदेवतेला कौल लावला. मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या कळ्या चिकटवल्या. गुरवाने गाऱ्हाणे घातले: महिपतचा बॉयलर असेल तर उजवी दे, पुंडलिकचा कोळसा असेल तर डावी दे. उजवी कळी पडली. त्या दिवसापासून पुंडलिकांच्या पत्नी रुक्मिणी गोदूबाईंच्या घरचे पाणी प्यायल्या नाहीत.

पुढे धर्माजींना भाईंदरच्या मिठागरावर राखणदारी मिळाली, आणि त्यांच्या ओळखीने दोघी विधवाही मिठाच्या कामाला आल्या. नवघरला एकाच ओळीत दोघींच्या खोल्या, एकच विहीर. दर सर्वपित्री अमावास्येला गोदूबाई महिपतांच्या पानाशेजारी पुंडलिकांचेही पान वाढीत आणि रुक्मिणींना जेवायला बोलावीत. आपल्या हयातीत त्यांनी एकदा तरी यावे, याखेरीज त्यांना काही नको होते.

“गोदूच्या खिरीचा वास विहिरीवर येतो,” रुक्मिणी म्हणत. “तेवढ्यानं माझं पोट भरतं.”

गोदूबाई मग धर्माजींना गाठीत. “भावोजी, तुम्ही वर होतात. धूर कसला होता तेवढं तरी सांगा.”

“वैनी, मी पाण्यात होतो. डोळ्यांत मीठ.”

“आताही मिठातच आहात. आता तरी दिसतंय का?”

दिसत असे, आणि अडचण तीच होती. संध्याकाळी मिठागराचे पाणी आधी गुलाबी आणि मग राखी होई, आणि बांधावर बसलेल्या धर्माजींना दूरची मिठाची रास हळूहळू तरंगू लागल्यासारखी वाटे. तिला धुराडी फुटत, गोल खिडक्यांत दिवे लागत. पहिला आवाज त्यांनी कानांनी ऐकला होता. दुसरा तळपायांतून वर आला होता, आणि बांधाच्या ओल्या मातीतून तो अजूनही येई. मागोमाग धूर उठे. धूर पांढरा असेल तर ती वाफ, म्हणजे महिपत. काळा असेल तर पूड, म्हणजे पुंडलिक. पण तो कधी पांढरा असे, कधी काळा, आणि कधी नुसत्या संध्याकाळच्या रंगाचा. सकाळी राशीच्या जागी रासच असे.

१९७६ च्या भाद्रपदात मिठागराचे साठवणीचे पाणी एका रात्रीत ओसरले. बांध उत्तरेच्या टोळीने कच्चा बांधला की दक्षिणेच्या, यावर दोन्ही टोळ्या हमरीतुमरीवर आल्या. धर्माजींनी पाण्यात उतरून पाहिले. बांध दोन्हीकडे शाबूत होता. तळाशी खेकड्याचे बीळ होते. हात अजून बिळातच होता. बंदरातली एक दुपार त्यांना आठवली. तिसऱ्या मालखणात लांबट पेट्या उतरत होत्या, आणि देशी खलाशांना तिकडे फिरकायलाही मनाई होती. ही गोष्ट ते कधी विसरले नव्हते. तिचा या भांडणाशी संबंध असेल, हेच त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

अमावास्येला ते रुक्मिणींना गोदूबाईंच्या ओटीपर्यंत घेऊन आले. त्या पायरीखाली उभ्या राहिल्या. धर्माजींनी पेट्यांचे सांगितले.

“म्हणजे देव चुकला म्हणता?” रुक्मिणी म्हणाल्या.

“देव कशाला चुकतोय? आपण त्याला दोनच घरं दाखवली. तिसरं गावात कुणाला ठाऊक होतं?”

“मग चला गावाला. तिसरं विचारू. बॉयलर, कोळसा, पेट्या, तिन्ही घाला त्याच्यापुढे.”

गोदूबाई पान वाढता वाढता थांबल्या. “आणि परत माझाच निघाला तर?”

“तर तुझा.”

“आणि तुझा निघाला तर?”

रुक्मिणींनी ओटीवर पाहिले. समोर दोन पाने होती. काळ्या वाटाण्यांची आमटी पुंडलिकांच्या पानावर जरा जास्तच होती. पुंडलिकांना ती फार आवडे, हे गोदूबाईंना कोणी सांगितले असेल कोण जाणे. कौलांवर कावळे उतरले होते. पलीकडे मिठागराचे पाणी आभाळाला लागून स्तब्ध होते, आणि त्यावर रास नव्हती, बोटही नव्हती.

“गावाला जायला नको,” रुक्मिणी शेवटी म्हणाल्या. “देवाला कशाला पुन्हा त्या धुरात लोटायचं? आमटी निवतेय.” आणि त्या पायरी चढल्या. बसताना त्यांनी आधी पाणी मागितले.

धूर कोणत्या रंगाचा होता, हे धर्माजींना त्यानंतर कोणी विचारले नाही. बांधावर ते पूर्वीसारखेच बसत, आणि रास पूर्वीसारखीच तरंगे.

रुक्मिणी १९८३ च्या मे महिन्यात वारल्या. वर्षश्राद्ध झाल्यावर, १९८४ च्या सर्वपित्री अमावास्येला गोदूबाईंच्या ओटीवर तीन पाने वाढली होती.