मीठ कमी पडलेला बांगडा

तळलेल्या बांगड्याचा वास आला की मी अजून गोंधळतो. ऐंशीच्या दशकात मी मालवणात नवाच होतो. बारच्या शेजारच्या घराची पडवी अगदी बारसारखीच. तिलाच बार समजून ऐसपैस बसलो आणि बांगडा मागवला. नटलेल्या एका मुलीनं तो लाजत आणून ठेवला.

"मीठ कमी आहे," मी ऐटीत म्हणालो.

तिची आई घाबरून बाहेर आली. "मीठ माज्या हातान कमी पडला, पावण्यानू. चेडू आवडला मां तुमका?"

चेडू म्हणजे मुलगी हे उमगताच मी चपला हातात घेऊन खऱ्या बारमध्ये पळालो. तिथे कोटातले एक गृहस्थ ग्लास पुढ्यात घेऊन म्हणाले, "भाच्यासाठी चेडू बघूक इलंय. पावणचार बरो आसा, पण चेडू काय बाहेर येना नाय."

मी शेजारचं घर दाखवलं.

"थंय जेवाण कसा आसा?"

"मीठ अगदी बरोबर," मी म्हणालो.