डोंगर, माणसं, चेहरा

गेल्या हिवाळ्यात दादाने डोंबिवलीतल्या त्याच्या घरी दिवाणावर तीन जुने कॅमेरे मांडले आणि जाहीर केलं, "एकच रोल काढायचा. त्यात एक तरी फोटो नीट आला तर हे राहतील. नाही तर तिन्ही देऊन टाकायचे."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. समोर बघावं तर मधोमध राखाडी डाग, कडेकडेने तेवढं दिसतं. माझ्याशी बोलायचं तर तो खिडकीकडे बघायचा, तेव्हा कुठे मी त्याला जराशी दिसायचे. मला राग आला तो आजाराचा नाही, त्या "देऊन टाकायचे"चा. आज कॅमेरे गेले असते, तर उद्या तो स्वतः खुर्चीत बसला असता आणि पुन्हा उठला नसता. मी त्याला पुरती ओळखून आहे.

पहिला कॅमेरा जपानी, जड. त्यातून बघितलं की मधोमध एक गोल दिसतो आणि त्या गोलात समोरच्या माणसाचे दोन तुकडे होतात. रिंग फिरवून तुकडे जुळवले की फोकस साधला. तरुणपणी दादा हे बोलता बोलता करायचा. पण सगळा कारभार त्या मधल्या गोलात, आणि याच्या नजरेला भोक पडलं होतं तेही तिथेच. त्याने तो डोळ्याला लावला, रिंग मागेपुढे फिरवली आणि बाजूला ठेवला. एरवी मी "नाचता येईना अंगण वाकडं" म्हणून घेतलं असतं. या वेळी दुसरा पुढे सरकवला.

दुसरा म्हणजे एकावर एक दोन भिंगांची पेटी. "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन!" असं म्हणत दादाने तो गळ्यात अडकवला. हा पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरून बघायचं. झाकण उघडलं की आत बिस्किटाएवढी दुधी काच, आणि तिच्यात सगळं जग तरंगत असतं, फक्त डावं-उजवं उलटं. आम्ही दोघं गॅलरीत डोक्याला डोकं लावून वाकलो. समोरच्या इमारतीत वाळत घातलेली साडी वाऱ्याने खाडीकडे फुगत होती, काचेत ती डोंगराकडे फुगायची. कबुतर उडून गेलं, तर काचेत परत आल्यासारखं वाटायचं. मलंगगडाचा सुळका भलत्याच बाजूला निवांत उभा होता. उन्हाची पिवळी साय सगळ्यावर पसरली होती. मान तिरकी करून दादाही बघत होता, आणि किती तरी दिवसांनी हसत होता. दुपार कधी कलली, चहा कधी निवला, कळलं नाही.

"ठरलं, हाच," मी म्हणाले.

"दिसतं छान गं," तो म्हणाला. "पण फोकस बसला का नाही, ते कसं कळणार? मला हल्ली सगळंच स्वप्नात असल्यासारखं दिसतं."

आणि त्याने तिसरा उचलला. हलका, स्वस्तातला. मी त्याला कायम खेळणं म्हणत आले. त्याच्या रिंगवर तीन चित्रं आहेत: डोंगर, माणसं, चेहरा. दूरचं काही असेल तर डोंगर, घोळका असेल तर माणसं, जवळचं कुणी असेल तर चेहरा. प्रत्येक खुणेवर रिंग टक् करून थांबते, बोटांना कळतं. फोकससाठी डोळे लागतच नाहीत.

"अरे, खेळण्यातला आहे तो!"

"मग खेळू की."

मोठागावच्या खाडीवर तो खेळला, गच्चीवरून मलंगगडाशी खेळला. शेवटी मला गॅलरीच्या भिंतीशी उभं केलं. हात लांब करून माझ्या खांद्याला लावला, एक पाऊल मागे गेला, टक्. चेहरा.

रोल ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या एका दुकानात धुवायला दिला होता. प्रिंट आणायला मी एकटीच गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, फोकस एकदम मस्त आहे. पण फ्रेमिंगचं काय झालंय?"

काय झालंय ते मला तिथेच उमगलं. कडेने बघायचं म्हणून दादा मान वळवायचा, आणि डोळ्याला लावलेला कॅमेराही त्याच्याबरोबर वळायचा. गड कडेला, होडी कडेला, मधे नुसतं रिकामं. माझ्या फोटोत मधोमध भिंत आणि पावसाच्या पाण्याचा पाइप. मी पार डावीकडे, एक कान कापलेला. तेवढा एकच मी मोठा करून घेतला. याला तो नीट म्हणेल? घरी येईपर्यंत मी खोटं बोलायची तयारी करत होते आणि मला ते जमत नव्हतं.

दादाने प्रिंट खिडकीशी नेला, अगदी नाकाजवळ धरला आणि हळूहळू बाजूला सरकवत राहिला. एका जागी त्याचा हात थांबला.

"माणसं हलतात गं," तो म्हणाला. "एक जागी राहत नाहीत, म्हणून सापडत नाहीत. फोटो हलत नाही." मग एकदम, "अगं, केवढी म्हातारी झालीस तू! हनुवटीवर हा केस कसला?"

मी भिंतीकडे तोंड करून रडले. म्हातारी म्हटल्याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.