भंगाळे सर आणि काट्यापुढची रांग

भंगाळे सरांची आणि माझी पहिली ओळख धुळ्यातल्या एका रेशन दुकानापुढे झाली आणि त्या ओळखीची सुरुवात मी खोटे बोलून केली, हे या गौरवग्रंथात आधीच कबूल करून टाकतो. हातात वही घेतलेले एक गृहस्थ रांगेतल्या प्रत्येकाला तो किती वाजता आला ते विचारत होते. मला वाटले, पुरवठा खात्याचे इन्स्पेक्टर असावेत. तक्रारीत दम यावा म्हणून मी अर्धा तास वाढवून सांगितला. त्यांनी वहीत काही लिहिले नाही. “मी तुमच्या मागेच उभा होतो,” एवढेच म्हणाले.

सर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवीत आणि रांगेचे गणित हा त्यांचा ध्यास होता. माणसे किती अंतराने येतात आणि एकेकाला किती वेळ लागतो, हे नीट टिपले तर रांग कुठवर वाढेल ते आधीच सांगता येते, असे ते मला त्याच दिवशी, साखर मिळेपर्यंत समजावत होते. आमच्या गावात तेव्हा रांगेत घुसण्याचे शास्त्र सर्वांना येत होते. रांगेचेही शास्त्र असते हे मी प्रथमच ऐकत होतो.

मी त्या वेळी कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनात वजनकाट्यावरचा कारकून होतो. कापसाच्या हंगामात आवारात बैलगाड्यांची इतकी दाटी होई की सकाळी आलेल्या गाडीला दिवस मावळला तरी काटा दिसत नसे. कंटाळून गाड्या दुसऱ्या जिनाकडे वळू लागल्या. शेठजींनी खापर माझ्यावर फोडले. पंधरा दिवसांत आवार मोकळे झाले नाही तर गावी जाऊन शेती बघा, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. घरी शेती होती ती तीन भावांत मिळून एका विहिरीपुरती. मी सरांकडे धावलो आणि शेठजींना शब्द देऊन बसलो की प्रोफेसर हे काम करून देतील.

सर आठवडाभर आवारातल्या कडुलिंबाखाली वही घेऊन बसले. आमच्याकडे काटे दोन आणि रांगाही दोन होत्या. एका काट्यावर ओल्या कापसावरून हुज्जत सुरू झाली की त्यामागची सगळी रांग अडकून पडे आणि शेजारचा काटा रिकामा राही. सरांनी दोन्ही काट्यांना मिळून एकच रांग लावली आणि फाटकात शिरेल त्या क्रमाने प्रत्येक गाडीला नंबर दिला. जो काटा मोकळा होईल त्यावर पुढची गाडी. शेठजींना त्यांनी आणखी एक गोष्ट सुनावली. तोलणारा माणूस अधूनमधून रिकामा बसलेला दिसला तर वाईट वाटून घेऊ नका. काट्याला क्षणाचीही उसंत नसेल तर रांग हटणारच नाही. पगारी माणसाने रिकामे बसायचे हे शेठजींना औषधासारखे कडू लागले, पण त्यांनी गिळले.

गाड्या खरोखरच भराभर तोलल्या जाऊ लागल्या. आवार मात्र पूर्वीपेक्षाही तुंबले. तोलून रिकाम्या झालेल्या गाड्या बैल सोडून तिथेच उभ्या! शेठजींनी मला बोलावून हिशेब करायला सांगितले, म्हणजे माझा शेवटचा. तेवढ्यात सर आत आले आणि सर्वांसमोर म्हणाले, “चूक माझी आहे, सुपडूची नाही. कुठे चुकलो ते मला अजून कळलेले नाही. दोन दिवस द्या.” मोठ्या माणसाने ‘मला कळले नाही’ असे म्हटलेले मी तोवर ऐकले नव्हते.

मग सरांनी वही मिटली आणि ते शिंदखेड्याकडून गाडी घेऊन आलेल्या हिराअक्कांजवळ जाऊन बसले. गाडी रिकामी झाली, मग निघत का नाही, असे त्यांनी हात जोडून विचारले. अक्कांना प्रश्नच अजब वाटला. त्या म्हणाल्या, “मनी गाडी तोलाई गई, पन देरनी बाकी शे. त्याले सोडीसन मी कशी जाऊ? आम्ही बठ्ठा संगे उनूत, संगेच जासूत.”

दिराची गाडी तोलायची राहिली असताना अक्का एकट्या कशा निघणार? आमच्याकडचा रिवाजच तो. एका गावच्या गाड्या एकत्र निघतात, भाकरी एकत्र सोडतात आणि शेवटच्या गाडीचे वजन झाल्याशिवाय पहिली हलत नाही. पूर्वी एका गावच्या गाड्या एकामागे एक उभ्या राहत, आता फाटकातल्या नंबरांमुळे मध्ये दुसऱ्या गावांच्या गाड्या येत; आमच्या एका रांगेने गावेच्या गावे विस्कटली होती. मी खेड्यातलाच, पण हे मला दिसले नाही, कारण मी पावत्यांकडे बघत होतो. सरांनी गाडीचा नंबर काढून टाकला आणि गावाला नंबर दिला. एका गावच्या सगळ्या गाड्या दोन्ही काट्यांवर लागोपाठ. झाल्या की गाव एकदम बाहेर. त्या आठवड्यात आवारातली जमीन आम्हाला दिसली आणि माझी नोकरी राहिली. पुढे वर्गात हे उदाहरण शिकवताना सर आधी स्वतःची चूक फळ्यावर मांडत आणि मग हिराअक्कांचे नाव घेत.

स्वतः सरांनी कधी रांग मोडली नाही. एकदा ते तापाने फणफणले असताना मी त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टर त्यांचा विद्यार्थी. तो धावत बाहेर आला, तर सरांनी त्यालाच दटावून परत पाठवले आणि नंबर येईपर्यंत बाकावर बसून राहिले. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणतात, यांच्याबरोबर सिनेमाला गेले की मध्यंतरानंतरचाच बघायला मिळतो.

यंदा सरांची साठ वर्षे पूर्ण होऊन ते निवृत्त होत आहेत. सत्काराचे आमंत्रण घेऊन गेलो तेव्हा म्हणाले, “आपले काम झाले, आता मागच्यांसाठी वाट मोकळी करावी.” मला ते ऐकवले नाही. सर, ही चूक तुम्ही एकदा केलेली आहे. तुमची गाडी तोलून झाली असेल. आमच्या अजून काट्यावर यायच्या आहेत. तेव्हा रिवाजाप्रमाणे बैल सोडा, कडुलिंबाखाली निवांत बसा, प्रकृतीला जपा आणि आमच्यातल्या शेवटच्याचे वजन होईपर्यंत थांबा. आम्ही पुष्कळ जण आहोत.