ठेंगण्यांचं मीठ

नवा बोकड गाडीतून उतरला तेव्हा वहिनी म्हणाली, "मला याचे डोळे आवडले नाहीत."

"तुला आजवर कुणाचे आवडलेत?" आत्यानं दोरी हातात घेत विचारलं. "माझ्या भावाला पहिल्यांदा बघितलंस तेव्हाही हेच म्हणाली होतीस."

"मग? चुकले होते का?"

गाडीवाला हसला. आत्याही हसली. वहिनी मात्र बोकडाच्या डोळ्यांकडेच बघत राहिली. कडांना ओल होती, अगदी थोडी.

"दोन दिवसांचा प्रवास झालाय," गाडीवाला म्हणाला. "एक मुक्काम बाजाराच्या गोठ्यात झाला, पन्नास-साठ शेळ्यांबरोबर. बाकी पठ्ठ्यानं वाटेत काही त्रास दिला नाही."

गोठ्याचं ते वाक्य दोघींनीही ऐकलं, आणि दोघींनीही तसंच सोडून दिलं.

आत्या वस्तीतल्या सगळ्यांचीच आत्या. साठी उलटलेली, उंचीनं कमी, आवाजानं भरपूर. टेकडीच्या उतारावर तिचं घर, घरामागे शेळ्यांचं छप्पर. नवरा लवकर गेला, मग सात वर्षं तिनं वीटभट्टीवर विटा वाहिल्या, आणि सासूनं मागे ठेवलेल्या दोन शेळ्यांच्या दुधावर दोन्ही मुलींची शाळा पुरी केली. मुली आता लांब असतात आणि फोनवर "आई, आता पुरे कर त्या शेळ्या" म्हणतात. आत्या म्हणते, "बरं." आणि फोन ठेवून छपरात जाते.

त्या शेळ्यांना ठेंगणी म्हणतात. करड्या रंगाची, झाडाच्या पानाएवढ्या कानांची, माणसाच्या गुडघ्याच्या जरा वर येणारी जात. दूध थोडं, पण दाट. काटेरी झुडूप दिसलं की तिचं जेवण झालं. पूर्वी सगळा उतार यांनीच भरलेला असायचा. मग कचेरीतून मोठ्या पांढऱ्या शेळ्या वाटल्या गेल्या, दुप्पट दुधाच्या. घरोघरचे ठेंगणे बोकड विकले गेले. पुढे दोन वर्षं पाणी कमी पडलं. पांढऱ्या शेळ्या रिकाम्या कुंडाशी उभ्या राहून कुणीतरी येईल म्हणून वाट बघत बसल्या, आणि तशाच बसल्या बसल्या गेल्या. ठेंगण्या वर खडकांत चढून काहीबाही खाऊन परत येत राहिल्या. तोवर त्या उरल्या होत्या एकतीस, पाच घरांत मिळून. आत्याच्या बारा, टेलरच्या चार, बाकीच्या धोबीण, पहारेकरी आणि उताराखालच्या दोघी बहिणी यांच्याकडे. आणि त्यांत बोकड एकच: आत्याचा मुकादम.

मुकादम दाढीवाला, छाती काढून चालणारा, सगळ्यांवर डोळा ठेवणारा. पण आता कळपातल्या निम्म्या शेळ्या त्याच्याच लेकी-नाती झाल्या होत्या. गेल्या खेपेला दोन पिल्लं जन्मली ती उभीच राहिली नाहीत. तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी, वय तिशीच्या आत, पायात कायम रबरी बूट, चार महिने शोध घेऊन डोंगरापलीकडचा हा ठेंगणा बोकड मिळवला होता.

"आत्या, नीट ऐका," डॉक्टरीणबाई त्या दिवशी फोनवर म्हणाल्या होत्या. "एकवीस दिवस वेगळा. चारा वेगळा, पाणी वेगळं, दार बंद. लस पुढच्या आठवड्यात येतेय, आली की सगळ्यांना टोचू. तोवर कुणाचा श्वाससुद्धा लागता कामा नये."

"नाही लागणार, पोरी. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

आणि आत्यानं शब्द पाळला. घरामागची जुनी कोळशाची खोली झाडून घेतली, नवी बादली आणली, कडी स्वतः लावली. बोकड आत शिंकला.

"कोळशाची धूळ," आत्या म्हणाली.



दुसऱ्या दिवशी टेलर आला. भिंतीपलीकडचा शेजारी, पन्नाशीचा, जिभेला टाके न घातलेला माणूस. बोकडांना नको त्या दिवसांत पोटाखाली कापडाचा लंगोट बांधतात, पिल्लं अवेळी होऊ नयेत म्हणून. मुकादमाचा लंगोट टेलरच छत्रीच्या जुन्या कापडातून शिवायचा. नव्यासाठीही आत्यानं त्यालाच सांगितलं होतं. टेलरनं पिशवीतून तो काढला आणि अंगणात जमलेल्यांसमोर झटकला. पडद्याच्या लाल साटीनचा, खाली झालर लावलेला.

धोबीण तोंडाला पदर लावून खोखो हसली. पहारेकऱ्याची बायको म्हणाली, "अगंबाई, याला करवलीही द्या एक!"

"पाहुणा आहे," टेलर गंभीरपणे म्हणाला. "घरजावई येतोय, काळा लंगोट बरा दिसतो का?"

आत्या हसली नाही. "चार महिने पोरगी वणवण फिरली याच्यासाठी. आणि तुला खेळ सुचतोय?"

"अहो आत्या, थट्टा..."

"थट्टा घरी कर. आणि जोवर तुझं डोकं ठिकाणावर येत नाही तोवर तुझ्या शेळ्या माझ्याकडे मिठाला आणू नकोस."

हे बोलणं साधं नव्हतं.

आत्याच्या अंगणात मिठाचा दगड होता. तिच्या सासूचा. सासूच्या वेळी तो उचलायला दोघं लागत, आता आत्याच्या काखेत मावे. मधोमध चाटून चाटून वाटीसारखा खळगा पडलेला. दर शनिवारी सकाळी पाचही घरांच्या शेळ्या अंगणात यायच्या आणि हा दगड आळीपाळीनं चाटायच्या. नवं पिल्लू, विकत आणलेली शेळी, जो कुणी येईल तो आधी दगडाशी. चाटला की वास एक झाला, तो कळपाचा झाला. एकदा, फार वर्षांपूर्वी, आत्यानं घाईत एक शेळी मीठ न चाटवताच कळपात सोडली होती. संध्याकाळी ती खडकाखाली सापडली, बरगड्या मोडलेली. त्या दिवसापासून मिठाशिवाय कुणीही आत येत नव्हतं.

"नाही आणत," टेलर म्हणाला. त्यानं लंगोट घडी करून काखोटीला मारला आणि भिंतीपलीकडे निघून गेला.

गुरुवारी सकाळी आत्या दगड घेऊन कोळशाच्या खोलीत गेली.

दाराशी वहिनी होती. "डॉक्टर म्हणाली होती, वेगळा."

"वेगळाच आहे की. शेळी आत जात नाहीये, हा बाहेर येत नाहीये. एकवीस दिवसांनी एकदम सोडला तर मुकादम याची आतडी काढेल. आधीपासून वास लागलेला बरा."

बोकडानं दगड मनापासून चाटला. नाकातून पातळ पाणी ओघळत होतं, तेही खळग्यात उतरलं. आत्यानं दगड पोत्यात गुंडाळून तिथेच दाराजवळच्या फळीवर ठेवला. शुक्रवारी पुन्हा दिला. शनिवारी सकाळी आधी त्याला दिला, आणि मग, ओला असतानाच, अंगणात मांडला.

मुकादम पहिला पुढे आला. हुंगलं. वरचा ओठ उचलून दात दाखवले, दाढी थरथरवली, आणि चाटायला लागला.

"बघ," आत्या वहिनीला म्हणाली. "ओळख झाली."

त्यामागून एकेक करून सव्वीस शेळ्या. टेलर भिंतीपलीकडे मशीन चालवत होता. त्याच्या चार शेळ्या त्याच्या अंगणात बांधलेल्या, मिठाच्या वासानं ओरडत होत्या. मशीन थांबलं नाही.

बुधवारी मुकादम चाऱ्याकडे फिरकला नाही.

गुरुवारी त्याच्या डोळ्यांना चिकट पापुद्रा आला. आत्यानं कोमट पाण्यानं पुसला. तासाभरात पुन्हा आला. छपरात कुठेतरी खोकला ऐकू आला, मग दुसरीकडून एक. माणसासारखा खोकला, थोडा लाजल्यासारखा. वहिनी छपराच्या खांबाला धरून उभी राहिली.

"आत्या, धोबिणीची शेळी बसलीये," पहारेकरी धापा टाकत आला. "उठत नाही. आणि माझ्या दोन..."

"डॉक्टरला फोन कर."

डॉक्टरीणबाई दुपारी पोचल्या. त्यांनी मुकादमाचं तोंड उघडलं. हिरड्या आतून पांढऱ्या फोडांनी भरलेल्या. त्यांनी तोंड हळूच मिटवलं, हातमोजे काढले, नवे घातले आणि कोळशाच्या खोलीकडे गेल्या. नवा बोकड चारा खात होता. नाकाखाली खपली धरलेली, डोळे आता स्वच्छ.

"हा आजारी होता, यातून उठलाय," त्या म्हणाल्या. "याच्याजवळ कोण गेलं?"

"कुणी नाही."

"एखादी शेळी? दार उघडं राहिलं असेल."

"पोरी, कडी मीच लावते, मीच काढते."

"पाण्याचं भांडं?"

"वेगळं."

"चारा? दोरी? झाडू?"

"सगळं वेगळं. तू सांगितलंस तस्संच."

डॉक्टरीणबाईंनी खोलीभर नजर फिरवली. दाराजवळच्या फळीवर पोतं होतं, एका बाजूनं ओलं.

"त्यात काय आहे?"

"मीठ," आत्या म्हणाली. हवा म्हणावं, पाणी म्हणावं, तसं.

"हे यानं चाटलं?"

"मग? मिठाशिवाय कळपात कसा ये..."

तिनं फळीकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे, मग छपराकडे. तिकडून पुन्हा खोकला आला.

"सगळ्यांनी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आत्यानं मान हलवली. बराच वेळ हलवतच राहिली.

"मी सगळं विचारलं होतं," डॉक्टरीणबाई खोकल्याच्या दिशेनं बघत म्हणाल्या. "दार, बादली, चारा. मीठ नाही विचारलं."

वहिनीनं पुढे येऊन आत्याच्या हातातली बोकडाची दोरी काढून घेतली. "बस जरा," एवढंच म्हणाली. आत्या बसली नाही.

मुकादम रविवारी गेला. बसल्या जागी, छाती पुढे काढून. उताराच्या टोकाला पहारेकऱ्यानं खड्डा खणला, वर चुना टाकला. मग रोज खणावा लागला. धोबिणीनं शेवटची शेळी स्वतः उचलून आणली, कुणाला हात लावू दिला नाही. ती आत्याला काहीच बोलली नाही, आणि तेच आत्याला सोसवेना. "चार शिव्या तरी दे गं मला," ती म्हणाली. धोबीण म्हणाली, "कपडे पडलेत धुवायचे," आणि वळली.

सत्तावीसांतल्या दोन वाचल्या, दोघी बहिणींच्या. पोटातली पिल्लं टाकून, हाडं उरलेल्या, पुन्हा गाभण राहण्याची आशा नसलेल्या. बोकडांत उरला तो एकच, ज्यानं हे आणलं तो. त्याला हा आजार पुन्हा व्हायचा नव्हता.

मिठाचा दगड आत्यानं कुदळीनं फोडला आणि मुकादमाच्या खड्ड्यात टाकला. आतून तो गुलाबी होता. सासूनं कधी सांगितलं नव्हतं, आत असा असतो म्हणून.

आणि टेलरच्या चार होत्या. चारही गाभण, मुकादमापासून. चाटायला न मिळालेल्या.

"त्यांना लस दिलीय, पण अंगात मुरायला दिवस लागतील," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "आत्या, तुम्ही आजारी जनावरांत हात घातलेत. एकवीस दिवस तुम्ही भिंतीजवळसुद्धा जायचं नाही. या चार गेल्या तर जात संपली. ठेंगण्यांचा दुसरा पत्ता माझ्याकडे नाही."

म्हणून रोज सकाळी आत्या आपल्या ओट्यावर उभी राहायची, आणि भिंतीपलीकडून टेलर ओरडायचा.

"एक! खातेय. दोन! खातेय. तीन! माझा सदरा खातेय. चार!"

मग आत्या चहा घ्यायची.

अकराव्या दिवशी तो तिनावर थांबला.

"चार?" आत्या ओरडली.

ती ओट्याच्या कडेशी आली.

"अरे, चार?"

"आत्या, बसलीये ती."

आत्यानं ओट्याची कड घट्ट धरली. मागून वहिनी आली आणि तिनं मागच्या मागे आत्याचा पदर मुठीत धरला, ती धावू नये म्हणून. भिंतीपलीकडे टेलर काहीतरी पुटपुटत होता. मशीनचा आवाज नव्हता.

"नाक बघ!" आत्या ओरडली. "तोंड उघड! आतून पांढरं आहे का?"

"नाही... लालच आहे... उठली! आत्या, उठली. रवंथ करत होती बया."

आत्या तिथेच खाली बसली. जरा वेळानं म्हणाली, "टेलर, तो लाल लंगोट आहे का रे अजून?"

"आहे."

"शिवलास ते बरं केलंस."

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज तेवढा आला, आणि मोजणी ऐकायला अंगणात आलेले सगळे क्षणभर दचकले. मग पहारेकरी म्हणाला, "माणसाचं आहे."

बाविसाव्या सकाळी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. चारही शेळ्या तपासल्या, बोकड तपासला, म्हणाल्या, "आता भेटवा." बोकडाला लाल झालरीचा लंगोट बांधून अंगणात आणलं. या वेळी कुणी हसलं नाही.

आत्यानं मिठाचे खडे वाटून पाच ताटल्यांत घातले होते. अंगणाच्या चार कोपऱ्यांत शेळ्यांच्या चार, आणि ओट्याशी बोकडाची पाचवी. मधे दहा-दहा पावलांचं अंतर. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं. तिनंच रात्रभर विचार करून ठरवलं होतं.

"इथून पुढे असंच," ती म्हणाली. "एकाचं तोंड दुसऱ्याच्या मिठाला नाही. पिल्लं झाली की तीही वेगवेगळ्या घरांत. एक धोबिणीकडे, एक वर पहारेकऱ्याकडे. एका छपराखाली सगळ्या पुन्हा नाहीत."

टेलरनं दोऱ्या सोडल्या.

पहिली शेळी पहिल्या ताटलीशी गेली. हुंगलं. मान वर करून बाकीच्यांना हाक दिली. दुसरी आपली ताटली ओलांडून तिच्याकडे आली. तिसरी आली. चौथी आली. बोकड झालर फडकवत त्यांच्यात घुसला. पाचही तोंडं एका ताटलीत, कपाळाला कपाळ लावून, नाकाला नाक. बाकीच्या चार ताटल्या जागच्या जागी.

"हुर्र!" आत्यानं काठी आपटली. "हुर्र! लांब व्हा!"

शेळ्या पांगल्या. दोन पावलं गेल्या. आणि परत आल्या.

आत्या पुन्हा मधे घुसली. पुन्हा पांगवल्या. वहिनी काठी घेऊन एका कोपऱ्यात उभी राहिली, टेलर दुसऱ्या, डॉक्टरीणबाई बूट आपटत तिसऱ्या. धोबीण आतापर्यंत कुंपणाबाहेरच होती. ती आत आली आणि चौथ्या कोपऱ्यात उभी राहिली.

ठेंगण्या मधोमध गोळा झाल्या होत्या, अंगाला अंग घासत, आणि त्या चौघांकडे एकेक करून बघत होत्या. त्यांतल्या एकीनं जीभ बाहेर काढून शेजारणीच्या ओठावरचं मीठ चाटलं.