रेशीम गुंडाळलेली तार

संस्थानी काळातली, आमच्या महाराजांच्या राज्यातली गोष्ट. एका साहेबाच्या लिलावातून माझ्या थोरल्या भावानं टेलिफोनचे दोन कर्णे आणले. आमचं घर आणि गल्लीच्या टोकाचं दुकान जोडायला त्यानं आधी लोखंडी तार ओढली, मग सतारीची पितळी. आवाज पोचेना. शेवटी त्यानं तांब्याची तार घेतली आणि आवाज वाटेतच गळू नये म्हणून वहिनीचा लग्नातला शालू उसवून त्यातलं रेशीम तारेवर गुंडाळलं. वहिनी रडली.

दुकानातून तो बोलला, "ऐकू येतंय काय रं?"

घरात कर्ण्यातून शब्द न् शब्द माझ्या कानात पडला.

तो धापा टाकत आला. "आलं काय?"

वडील कायम त्याचंच कौतुक करायचे. मी म्हणालो, "न्हाय की."

त्यानं कर्णे दगडानं फोडले. पुढं वडील त्याला चारचौघांत उधळ्या म्हणू लागले. मला बरं वाटायचं.