शिवलिंगअप्पांची फुकट चव

पिंगळी स्टेशनाच्या पलीकडे शिवलिंगअप्पांचं जांभळाच्या वाईनचं शेड आहे. रीतसर परवान्याचं. आणि पंचक्रोशीत ती वाईन न चाखलेला एकच इसम आहे : खुद्द अप्पा. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, थेंब जिभेला लागू द्यायचा नाही असा नेम. जांभूळ कधी उतरवायचं, किती मुरवायचं, हे सगळं ते शिकून आले होते. चव तेवढी लोकांनी सांगायची.

भावजय गौराबाईंना हा बारकावा पटला नाही. अप्पांची बायको वारल्यापासून भावाच्या घरून डबा यायचा. शेडवर वाईनची पाटी चढली त्या दिवशी तो थांबला. अप्पा भाकरी थापायला शिकले. ती दर वेळी वेगळ्याच तालुक्याच्या नकाशासारखी व्हायची.

सोबत उरली ती चव बघायला येणाऱ्यांची. त्यातले मुख्य आश्रुबा, रेल्वेतून रिटायर झालेले गँगमन, पूर्णेहून दुपारच्या गाडीने येणारे. दारात आलेल्याला पाणी पाजून कोणी पैसे मागतं का? मग वाईनचे तरी कसे मागायचे? पहिला पेला रिवाजाचा, दुसरा आग्रहाचा, तिसरा गप्पांचा.

"कशी झालीय?" अप्पा तोंडाकडे बघत विचारायचे.

"अप्पा, अमृत हाय अमृत!"

अप्पांचा दिवस सोन्याचा व्हायचा.

भावाची मुलगी ऋतुजा पुण्यात हिशेबाच्या नोकरीत होती. आईच्या नकळत ती काकांना फोन करायची. एकदा तिने सगळं विचारून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, जांभळं, बाटली, लेबल, वीज, कर, दुकानदाराचं कमिशन, सगळं धरलं तर एका बाटलीमागं चहापाण्याएवढं सुटतं. आन चार बाटल्या विकायला तुमी एक फुकट पाजायलाव!"

"माणसं येतात गं."

"घेऊन किती जातात?"

"एकेकदा घेतात सगळेच."

"दुसऱ्यांदा?"

दुसऱ्यांदा कोणी घेतलेलं अप्पांना आठवेना.

"म्हणजे दर बाटलीला नवं गिऱ्हाईक शोधायचं. असा धंदा टिकत न्हाई, काका. या हंगामात शेडचं भाडं निघालं न्हाई, तर बंद करा."

शेड बंद म्हणजे दुपारी कोणी यायचंच नाही. अप्पांनी छातीवर दगड ठेवून पाटी लावली : चव बघण्याचे पैसे पडतील.

आश्रुबा आले, पाटी वाचली, पाणी प्यायले, उन्हाबद्दल दोन शब्द बोलले आणि परतीच्या गाडीच्या किती तरी आधी स्टेशनावर जाऊन बसले. मग यायचेच थांबले. बाकीच्यांनाही अचानक शेतात कामं निघाली.

नवा माल तयार झाला, पण चाखायला कोणी नव्हतं. शेवटी अप्पा बाटली पिशवीत घालून स्कूटरवरून पूर्णेला गेले. आश्रुबांनी ओट्यावर घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"खरं सांगू का? तुरट हाय. घसा धरती."

"आधीची?"

"ती बी. पैल्यापासून."

"मग अमृत म्हणत व्हता ते?"

"आता काय सांगावं, अप्पा? फुकट पिऊन वर खोड काढायची? शरम वाटती की!"

अप्पांनी बाटलीला बूच लावलं. गिऱ्हाईक परत का येत नव्हतं ते त्यांना कळलं. आपल्या दुपारी कशावर चालल्या होत्या तेही कळलं.

"पगार देतो," ते म्हणाले. "मुरवण, साखर, काय लागंल ते बदलतो. तुमी फक्त खरं सांगायचं."

आश्रुबांनी हात पुढे केला.

ऋतुजाने तो पगार खर्चात धरला आणि ती म्हणाली, परत येणारा हा पहिलाच खर्च आहे. तसंच झालं. हळूहळू तुरटपणा मोडला, परभणीच्या एका दुकानातून दुसऱ्यांदा मागणी आली, शेडचं भाडं निघालं.

आश्रुबा ठरल्या दिवशी येतात. उभ्यानेच घोट घेतात, तोंडात घोळवतात, बादलीत थुंकतात.

"आजून चार दिस राहू द्या."

"बरं. बसा की जरा, चहा ठेवतो."

"कामावर असताना बसत नसतो, अप्पा," असं म्हणून आश्रुबा पैसे खिशात घालतात आणि निघतात.

अप्पा एकाच कपाचं आधण ठेवतात.