जनीबाईंच्या दारातली मेढ

जनीबाईंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते कोलशेतच्या गावठाणात, पहारीने पेव्हर ब्लॉक ठोकताना. आमच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे गावठाण सुरू होतं. भाजीला मी त्यातूनच जाते. एक ठोका, कान देऊन ऐकणं, दोन पावलं पुढे, पुन्हा ठोका. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. पाय काही एका जागी ठरत नव्हते.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"माती. तुमच्या टावरात हाय का? कुंडीतली नको."

तेवढ्यात त्यांचा मुलगा जयेश आला. हा माझा जुना विद्यार्थी. "बाई, तुम्हीच सांगा आयेला. उद्या मेढ रोवायची आहे नि ही सगळी गल्ली खणायला निघाली."

जयेशच्या मुलीचं, वर्षालीचं लग्न होतं. जनीबाई गावच्या धवलारीण. लग्नात धवले गाऊन विधी लावायचा मान त्यांचा, भटजी त्यांच्यानंतर. आजवर कितीतरी मांडवांची मुहूर्तमेढ त्यांनी रोवून घेतली होती आणि त्यांचा हट्ट एकच असे: उंबराची फांदी घराच्या दारात, घरच्या मातीत उभी राहिली पाहिजे. आता सख्ख्या नातीच्या लग्नाला दारात मातीच नव्हती.

घराचं तोंड पूर्वी खाडीकडे होतं, पुढे अंगण, मागे परसात नळ. मग भावकीने अंगणाच्या कडेने खोल्या काढल्या. जयेशने उरलेल्या अंगणात जिना आणला, वर दोन मजले चढवले आणि दार फिरवून रस्त्याच्या बाजूला घेतलं, कारण भाडेकरू येणार ते रस्त्याने. शेजारच्यांनीही तेच केलं. बघता बघता सगळं गाव खाडीला पाठमोरं झालं. ज्या बोळातून बैलगाडी जायची, तिथे आता समोरून कोणी आलं की एकाने अंग चोरून उभं राहायचं.

"डब्यात रेती भर नि लाव ना," जयेश म्हणाला. "सगळे तसंच करतात."

"डब्यात तुळस लावतात रं. उद्या नवरदेवालाबी डब्यात उभा करशील."

जिन्यावर बसलेल्या भाडेकरणी हसल्या. जयेश ओशाळला. "आये, हसं नको करूस गो माझं."

"मंग माजं दार मना परत दे."

शेवटी त्यांनी जिन्यामागची जागा धरली. जुनं दार तिथेच होतं. जयेश म्हणाला, "थांब, खालून पाइप जात असेल, हरिहरला विचारतो." हरिहर म्हणजे प्लंबर.

"माज्या दाराखालून कसली पाइप? नळ परसात हाय."

परस आता दर्शनी भाग झाला होता आणि नळ कधीच मागे, जुन्या दाराच्या बाजूला गेला होता, हे रोज त्याच नळाचं पाणी भरणाऱ्या जनीबाईंच्या मनात शिरलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मीही मेढीला गेले. हरिहर यायच्या आतच ब्लॉक उचकटून त्यांनी पहार घातली आणि पाण्याची चिळकांडी थेट पहिल्या मजल्याच्या दांडीवरच्या कपड्यांवर गेली.

"आजी, आमचं पाणी!" वरून अमृता ओरडली. ती भाडेकरू, दोन लहान मुलांची आई.

जयेशने कपाळावर हात मारला. हरिहर आला, कटकट करत त्याने काँक्रीट फोडलं, खड्डा रुंद केला. खालून काळी, ओली, खाडीच्या वासाची माती वर आली. तेव्हा कुठे जनीबाई खाली टेकल्या. मूठभर माती हातात घेऊन बोटांनी चुरून पाहिली.

पाइप जोडून झाल्यावर हरिहरने सिमेंटचं घमेलं उचललं.

"ठेव ते. लगीन होईपर्यंत खड्डा असाच राहील."

"पोरं पडतील हो आजी," अमृता म्हणाली.

"फळी टाक गो बाय. नि पोरांना घेऊन जेवायला ये."

जयेश माझ्याकडे बघत होता. मी त्याला म्हटलं, "राहू दे रे चार दिवस." तो फळ्या आणायला गेला.

वर्षालीने जीन्सवरच फांदी धरली. जनीबाईंनी बुडाशी माती चेपली आणि धवला सुरू केला. मधेच दम लागला, थांबल्या, पुन्हा उचलला. बोळ इतका अरुंद की निम्म्या बायका जिन्याच्या पायऱ्यांवर उभ्या राहून साथ देत होत्या.

लग्न पार पडलं, खड्डा बुजला. त्या वर्षी जयेशने तिसरा मजला चढवला आणि जनीबाईंची खालची खोली मोबाइलच्या दुकानाला दिली. त्या आता वरच्या खोलीत राहतात आणि दिवसातून कितीतरी वेळा खाली उतरतात, जिन्यामागच्या जुन्या दारापाशी.